घंटेशेजारी टांगलेली पाटी

मित्रांनो, माझा आवाज तुम्ही कधी ऐकलेला नसणार, कारण सिनेमा तयार होताना तो कापून टाकतात. पण प्रत्येक सिनेमातल्या प्रत्येक दृश्याआधी माझ्यासारखी कुणीतरी वाजलेली असते. मी एक जुनी क्लॅपची पाटी आहे. खाली काळी फळी, तिच्यावर खडूने लिहायचं. वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दांडी, ती उचलायची आणि खाली आपटायची. खट् असा आवाज होतो आणि कॅमेऱ्यासमोरची माणसं बोलायला लागतात. काम एवढंच, पण त्याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू. तो तोरा कसा उतरला ते ऐका. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, मी स्वभावाने जळकी आहे. दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं.

गुवाहाटीतल्या एका सुताराने मला शिवणीच्या लाकडातून घडवलं. कुणा नवरीसाठी पलंग करायचा होता, त्यातला तुकडा उरला होता. पलंग व्हायचं सोडून आपली पाटी झाली, याचं मला बरेच दिवस वाईट वाटे. मग पुलकेश फुकन दुकानात आले. तेव्हा ते अगदी तरुण होते, पहिला सिनेमा काढत होते. त्यांनी मला हातात घेतलं, दांडी दोनदा आपटून पाहिली आणि म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे." त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

ब्रह्मपुत्रेच्या वाळूत मुहूर्त झाला. मला शेंदूर लावला, झेंडूची माळ घातली, लाल काठाचा नवा गामोसा, म्हणजे आसामी पंचा, पांघरला. पहिला क्लॅप पुलकेशांच्या आईने दिला. मला तोंडाजवळ धरून ती हळूच म्हणाली, "माझ्या लेकाला सांभाळ गं." आता मला सांगा, एवढं ऐकल्यावर कुठली पाटी चढून बसणार नाही?

पुढे खूप वर्षं काम केलं. चहाच्या मळ्यात, माजुलीच्या होड्यांवर, धुक्यात, चिखलात. मी वाजले की भलेभले गप्प होत. वाढपी हातातला चहाचा ट्रे तसाच धरून उभा राही, कुत्र्याला कुणीतरी कुशीत दाबून धरी. त्या खट् नंतरची शांतता माझी होती. पुलकेशांचे सिनेमे मात्र सगळे रडके. पूर यायचा आणि घर वाहून जायचं, किंवा मुलगा परदेशी जायचा आणि आई वाट बघून डोळे मिटायची. वर्तमानपत्रांत त्यांची स्तुती छापून यायची. एका फोटोत त्यांच्या हातात मीसुद्धा होते. तो फोटो निरुपमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चौकट करून भिंतीवर लावला. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस होते.

मग गावोगावची सिनेमाघरं बंद पडत गेली. एकात तांदळाचं गोदाम झालं, एकात लग्नाचा हॉल. पुलकेशांचा शेवटचा सिनेमा लागला तेव्हा बघायला माणसं कमी आणि खुर्च्यांखाली उंदीर जास्त अशी गत होती. मला कपाटावर ठेवलं. धूळ साचली, माझ्या दांडीमागे पालीने अंडी घातली. तरी मी धीर सोडला नाही. आज ना उद्या ते मला उतरवतील, फुंकर मारतील आणि म्हणतील, चल. मी मनात मांडे खात पडून राहिले.

अशात एके दुपारी हाटकेश्वर तालुकदार घरी आले. पाठशाला नावाच्या गावातल्या नवमल्लिका थिएटरचे हे मालक. ते फिरतं थिएटर होतं. तंबू, खांब, दिवे, नट, आचारी, सगळं ट्रकांत भरायचं आणि बिहूच्या सणापर्यंत गावोगाव हिंडायचं. एका गावात तीन रात्री, रोज वेगळं नाटक.

तालुकदारांनी चहा बशीत ओतून घेतला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "दादा, रडवणारी दोन नाटकं माझ्याकडे आहेत. पहिल्या रात्री लोक रडतात, दुसऱ्या रात्री रडतात. तिसऱ्या रात्री त्यांना हसवायचं आहे. तुम्ही लिहा, तुम्हीच बसवा."

पुलकेश म्हणाले, "मी? मी कधी हसवलेलं नाही कुणाला."

"म्हणूनच तर. तुमच्या पोटात इतक्या वर्षांचं हसू साठलेलं असणार."

निरुपमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "तालुकदार, यांच्या लग्नाच्या फोटोत भटजी हसताहेत, हे नाहीत. जरा विचार करून आमंत्रण द्या हो."

मला वाटलं, आता हे नाही म्हणतील. पण पुलकेश गप्प बसून राहिले, आणि गप्प बसणं म्हणजे त्यांचा होकार असतो हे मला ठाऊक होतं. कपाटावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाटकात क्लॅप नसतो, मित्रांनो. तिथे माझं कामच नाही.

त्यांनी नाटक लिहिलं. एका मास्तरांच्या घरी बिहूला एकच मोठा रोहू मासा येतो आणि त्याच दिवशी दोन जावई येऊन ठेपतात. माशाचं डोकं मानाच्या पाहुण्याला वाढायचं असतं. मासा एक, डोकं एक, जावई दोन आणि दोघेही मानी. लिहिताना पुलकेश मधेच खुदकन हसत. मी त्यांना इतक्या वर्षांत एकदाही हसवलं नव्हतं. ते कागद माझ्या डोळ्यांत खुपायला लागले.

तालमीला निघताना त्यांनी मला कपाटावरून उतरवलं आणि झोळीत टाकलं. निरुपमाबाई म्हणाल्या, "ही कशाला? तिथे कॅमेरा आहे का?" ते म्हणाले, "आईने पहिल्यांदा हिलाच हात लावला होता. असू दे बरोबर." मला वाटलं, चला, अगदीच विसरले नाहीत.

पाठशालेला तालमीच्या पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. नट उभे राहिले, पुलकेशांनी सवयीने मला बाहेर काढलं, धरलं आणि क्लॅप दिला. खट्. सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि मग जो हशा पिकला तो थांबेना. सासूचं काम करणारी तरुलता सगळ्यांत जास्त हसली. वयाने आणि कामाने ती तिथे सगळ्यांत मोठी, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळे तिला बाइदेउ म्हणत. डोळे पुसत ती म्हणाली, "दादा, कॅमेरा कुठे लपवलाय? आधी सांगायचं ना, मी नवी मेखला नेसून आले असते."

पुलकेश ओशाळले. "हात आपोआप गेला, बाइदेउ."

"असू दे. पण आमच्याकडे पाटी वाजत नाही, घंटा वाजते. ती बघा."

आणि तिथे मी तिला पहिल्यांदा पाहिलं. खांबाला टांगलेली पितळी घंटा. पोट सुटलेली, घासून घासून पिवळीजर्द. खेळाआधी ती तीनदा वाजायची आणि बाहेर तामोल-पान चघळणारी, चहा पिणारी सगळी दुनिया धावत तंबूत शिरायची. तालमीच्या दिवसांतही तिला रोज शेंदूर लावत. झेंडूची माळ घालत, उदबत्ती ओवाळत. माझा शेंदूर, माझी माळ, आणि ही बया मिरवते आहे. सवत बघितल्यावर काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. पुलकेशही तालमीआधी तिला हात जोडायला लागले, तेव्हा तर मी झोळीत कूस बदलून पडले.

तेव्हापासून मी एकच मागणं मागायला लागले. हे नाटक पडू दे. नाटक पडलं की पुलकेश घरी येतील, पुन्हा सिनेमा काढतील आणि मला पुन्हा शेंदूर लागेल. माझं मन किती कोतं होतं ते बघा. त्यांच्या आईने लेकाला सांभाळायला सांगितलं होतं आणि मी त्याच्या अपयशासाठी देव पाण्यात बुडवून बसले होते.

हंगाम सुरू झाला. पहिल्या गावात दोन रात्री लोक धो धो रडले. तिसऱ्या रात्री आमचं नाटक. पुलकेश विंगेत एका कोपऱ्यात स्टुलावर बसले, झोळी मांडीवर. कॅमेरा जिथे लावला असता नेमके तिथे. घंटा वाजली, पडदा उघडला आणि नाटक पळायला लागलं. पळायलाच लागलं म्हणते, कारण पुलकेशांनी ते सिनेमासारखं बसवलं होतं. वाक्यावर वाक्य, मधे फट म्हणून नाही. सुरुवातीला लोक हसले. मग हसू कमी झालं, मग आणखी कमी, आणि शेवटी तंबूत नुसत्या खुर्च्या करकरत होत्या. मी झोळीत आनंदाने फुलून गेले.

खेळ संपल्यावर तालुकदार आले. मोठ्याने बोलणारा माणूस, पण त्या दिवशी हळू बोलला. "दादा, वाईट वाटून घेऊ नका. अजून एक गाव बघू. तिथेही असंच झालं तर तिसऱ्या रात्रीला मी जुनं नाटक लावतो. मला कंपनीतली पोरं सांभाळायची आहेत."

"बरोबर आहे तुमचं," पुलकेश म्हणाले. त्यांचा चेहरा असा उतरला होता की मला जरासं वाईट वाटलं. जरासंच.

बाइदेउ तोंडावरचा रंग पुसत होती. ती आरशातूनच म्हणाली, "एक विचारू? तुम्ही विंगेत का बसता?"

"जवळून दिसतं म्हणून."

"जवळून आमचे कान दिसतात, दादा. लोक समोर बसतात. पुढच्या गावात मागे चटईवर जाऊन बसा. शेंगा घ्या हातात. बघा तरी आपण काय वाढून ठेवलंय ते."

दुसऱ्या गावात कापणी झालेल्या शेतात तंबू ठोकला होता. तिसऱ्या रात्री पुलकेश शेवटच्या रांगेत चटईवर मांडी घालून बसले. मी शेजारी जमिनीवर. आमच्या पुढ्यात एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबा तंबूत शिरल्यापासूनच हसायच्या तयारीत होते.

तो प्रसंग आला. दोन्ही जावई पाटावर बसले आहेत, मधे मासा आहे, आणि मास्तर बायकोला विचारतात, आता डोकं कुणाला? बाइदेउ कमरेवर हात ठेवून म्हणते, "मासा एक, डोकं एक, जावई दोन. दोन मुलींचे बाप झालात तेव्हा याचा हिशोब केला नाहीत. आता दोन डोक्यांचा मासा मी कुठून आणू?" आणि लगेच पुढचं वाक्य आहे, "तुमचंच वाढू का?"

पहिल्या वाक्याला आजोबा खो खो हसले. आसपासचेही हसले. त्या हसण्यात पुढचं वाक्य कुठल्या कुठे वाहून गेलं.

आजी म्हणाल्या, "अहो, हसू नका. पुढचं ऐकू येत नाही."

आजोबा डोळे पुसत म्हणाले, "काय म्हणाली ती?"

"मला काय विचारता? तुम्हीच दात काढत होतात."

"बरं बरं, आता नाही हसत."

आणि खरंच, आजोबा पुढे हसेनात. हसू आलं की तोंडावर गामोसा दाबायचे आणि कान पुढे करायचे. मी रांगेकडे पाहिलं, तर सगळीकडे तेच. माणसं हसू गिळून बसली होती. हसायला आलेल्या लोकांना आमच्या नाटकाने हसायची सवडच दिली नव्हती.

पुलकेश अर्ध्यातून उठले. झोळी काखेला लावून तंबूच्या मागे गेले. तिथे आचाऱ्याची चूल पेटलेली होती, भाताचा वास सुटला होता. ते लाकडाच्या ओंडक्यावर बसले. हात चाळा म्हणून झोळीत गेला आणि मी हाताला लागले. त्यांनी मला बाहेर काढलं. मग स्वतःशीच पुटपुटले, "आता दोन डोक्यांचा मासा मी कुठून आणू?" आणि दांडी आपटली. खट्. थांबले. आत कुठेतरी सासूबाईंचं वाक्य चाललं होतं, इकडे हे माझ्या आवाजानंतर नुसतेच थांबले होते. मग हळूच म्हणाले, "तुमचंच वाढू का?"

आचारी डाव हातात धरून त्यांच्याकडे बघत होता. तो फिस्सकन हसला.

पुलकेशांनी मान वर केली. "कशाला हसलास?"

"तुम्ही थांबलात ना, दादा. मला वाटलं संपलं. आणि मग ते बोललात."

पुलकेश माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर फिल्म कापायच्या टेबलाशी बसून या माणसाने फटी कापल्या होत्या. सगळ्यांत आधी माझा आवाज कापायचे, मग त्याच्या मागची शांतता. सिनेमात फट राहिली की चूक. आणि इथे त्या फटीतच लोक बसणार होते.

खेळ संपताच ते तालुकदारांकडे गेले. तालुकदारांनी पुढच्या गावासाठी जुनं नाटक ठरवूनही टाकलं होतं.

"एक दिवस द्या," पुलकेश म्हणाले. "फक्त पुढचं गाव."

"दादा, लोक पैसे देऊन येतात."

"मला कळलंय चूक कुठे आहे. लेखणी लावायची नाही, एक वाक्य बदलायचं नाही. फक्त जागा करायची आहे."

तेवढ्यात मागून बाइदेउ आली. "द्या हो एक दिवस. नाहीतर त्या जुन्या नाटकात मला पुन्हा क्षयाने मरावं लागेल. माझी पाठ दुखते मरून मरून."

तालुकदारांना हसू आवरेना. एक गाव मिळालं.

तिसऱ्या गावात रडायच्या दोन रात्री झाल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या तंबूत तालीम लागली. पुलकेशांनी मला हातात घेतलं. या वेळी कुणी हसलं नाही. ते म्हणाले, "ऐका. जिथे मी क्लॅप देईन, तिथे लोक हसताहेत असं समजायचं आणि थांबायचं. अगदी गप्प. दुसरा क्लॅप झाला की पुढचं वाक्य."

धाकट्या जावयाचं काम करणाऱ्याने विचारलं, "आणि लोक हसलेच नाहीत तर?"

"तर उद्या सगळ्यांना क्षय."

तालीम सुरू झाली. मित्रांनो, माझी पंचाईत बघा. कितीतरी वर्षांनी मी त्यांच्या हातात होते, कामात होते. पण काम कुणाचं? ज्या नाटकाचं वाटोळं व्हावं म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते, त्याचंच. मनात आलं, बद्द वाजावं. अवेळी वाजावं. पण दांडी त्यांच्या बोटांत होती आणि मला खोटं वाजता येत नाही. मी स्वच्छ वाजले. आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं.

बघणाऱ्याला वेड लागलं असतं. खट् झालं की सगळे पुतळ्यासारखे उभे. रिकाम्या खुर्च्या, रिकाम्या चटया, दोर ओढणारे गडी तोंडावर हात ठेवून उभे. पहिल्यांदा नटांना काय करावं कळेना, त्या फटीत ते अवघडून जात. मग बाइदेउला सुचलं. "दोन डोक्यांचा मासा मी कुठून आणू?" खट्. ती थांबली आणि माशाकडे बघायला लागली. मग सावकाश नवऱ्याच्या डोक्याकडे. मग पुन्हा माशाकडे, जणू मापं जुळवते आहे. खट्. "तुमचंच वाढू का?" दोर ओढणारा एक गडी हसता हसता खाली बसला. पुलकेशांनी मला छातीशी धरलं आणि म्हणाले, "हेच. हेच ठेवा."

संध्याकाळ झाली. घंटेला शेंदूर लागला, उदबत्ती फिरली. ती दिमाखात तीनदा वाजली आणि माणसं आत लोटली. मला पुन्हा झोळीत टाकलं होतं. दिवसभर राबले मी आणि मान हिला. माझा चडफडाट झाला, पण काय करता.

पुलकेश मागे चटईवर बसले. या वेळी त्यांनी मला बाहेर काढून मांडीवर ठेवलं होतं. दांडीवर त्यांचा अंगठा होता आणि तो घामाने ओला होता. हे नाटक आज गेलं तर त्यांच्या हातात दुसरं काही उरत नव्हतं, हे मला त्या अंगठ्यावरून कळलं. सिनेमा नाही, नाटक नाही, नुसतं कपाट. माझ्यासारखंच. इतके दिवस मी त्यांना परत मागत होते, पण परत कुठे, याचा मी विचारच केला नव्हता. पहिल्यांदाच मी मनात म्हटलं, नको पडू दे. आज नको.

पहिली जागा आली. पुलकेशांचा अंगठा आपोआप दांडीवर दाबला गेला, पण त्यांनी मला वाजवलं नाही. आणि मी जिथे वाजले होते, नेमकी तिथे माणसं हसली. नट थांबले. हसू उठलं, पसरलं, कमी झालं, आणि मग पुढचं वाक्य आलं. दुसरी जागा आली. तिथेही हसली. दुपारी रिकाम्या तंबूत मी एकेक जागा राखून ठेवली होती, आणि आता प्रत्येक जागेवर माणसं येऊन बसत होती.

मग मासा आला. "आता दोन डोक्यांचा मासा मी कुठून आणू?" तंबू हसला. बाइदेउने माशाकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. हसू वाढलं. पुन्हा माशाकडे. बायका एकमेकींच्या पाठीत धपाटे घालायला लागल्या. ती थांबली, थांबलीच, आणि सगळा तंबू श्वास घ्यायला थांबला तेव्हा शांतपणे म्हणाली, "तुमचंच वाढू का?" त्यानंतर जे झालं ते मला सांगता येत नाही. पुढचा एक माणूस खुर्चीसकट उलटा पडला आणि उठून पुन्हा हसायला लागला. विंगेच्या तोंडाशी तालुकदार खांबाला मिठी मारून हसत होते. आणि माझे पुलकेश, ज्यांना लग्नाच्या फोटोत हसता आलं नव्हतं, ते मला पोटाशी धरून हसत होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या फळीवर पडलं.

तुम्हाला वाटेल, माझा हेवा तिथे संपला. छे. मला त्या हसण्याचाच हेवा वाटला. सिनेमात माझ्या आवाजानंतर सगळे गप्प होत आणि त्या शांततेवर मी आयुष्यभर मोठी झाले. इथे मी वाजलेच नाही, आणि माझ्याजागी हजार माणसं वाजली. एवढा मोठा आवाज मला कधी काढता येणार नाही. पण तेवढ्यात मला त्या माउलीचा हात आठवला. लेकाला सांभाळ, म्हणाली होती. ते काम कसंबसं का होईना, पण झालं होतं.

खेळ संपल्यावर नट गोळा झाले. बाइदेउ तोंडाचा रंग न पुसताच आली. "दादा, ती पाटी द्या इकडे." तिने घंटेपुढच्या वाटीतला शेंदूर बोटावर घेतला आणि माझ्या कपाळावर लावला. मग मला घंटेच्याच खांबावर खिळ्याला टांगलं आणि म्हणाली, "आजपासून ही आपल्या कंपनीतली. हिला भात लागत नाही, एवढंच आचाऱ्याचं नशीब." खूप वर्षांनी कुणी मला सगळ्यांसमोर आपलं म्हटलं होतं.

त्यानंतर नाटक बिहूपर्यंत चाललं. तिसऱ्या रात्री तंबूत पाय ठेवायला जागा नसे. आता पुलकेश दुसरं नाटक लिहीत आहेत. गुवाहाटीहून सिनेमावाले अजून अधूनमधून येतात. पुलकेश त्यांना चहा पाजतात आणि तालमीला परत जातात. माझं मनही आता सिनेमावाल्यांच्या मागे जात नाही, मला इथे काम आहे. प्रत्येक नव्या नाटकाची शेवटची तालीम माझ्याशिवाय होत नाही.

घंटा आणि मी एकाच खांबावर आहोत. माझं तिच्याशी पूर्ण जमलंय असं म्हणणार नाही. तिला दोन माळा घालतात आणि मला एक, हे मी रोज मोजते. माझी बिजागरी आता सैल झाली आहे, पट्ट्यांचा रंग उडाला आहे. कुणी थेंबभर तेल घातलं तर बरं वाटतं, नाही घातलं तर कुरकुरते. तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी कपाटावर पडलेलं असेल, मित्रांनो. ते टाकून देण्याआधी एकदा हातात घ्या, वाजवून बघा, दुसरं काही काम त्याला जमतंय का ते विचारा. आणि कधी आमच्या तंबूत आलात तर मागे चटईवर बसा. हसू आलं की तोंडावर गामोसा दाबू नका. मनसोक्त हसा, पुढचं वाक्य तुमच्यासाठी थांबेल. ती जागा मी दुपारीच तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते.